सहाराच्या बांधीत

पवनीच्या एका शाळेत भूगोल शिकवणारे हेमराज कापगते सर आफ्रिकेबद्दल असे बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं यांची सासुरवाडी तिकडेच आहे. काँगोच्या खोऱ्यात दुपारचे ढग कसे दाटून येतात, सवानातलं गवत केव्हा पिवळं पडतं, सहारात रात्री चादर पुरते की ब्लँकेट लागतं, सगळं पाठ. प्रत्यक्षात सर दक्षिणेला चंद्रपूरच्या पुढे गेले नव्हते आणि पश्चिमेला शेगावच्या. सासुरवाडी लाखनीला होती. तिच्याविषयी त्यांना एवढी माहिती नाही, अशी त्यांच्या पत्नी ललिताबाईंची जुनी तक्रार.

'नैसर्गिक वनस्पती' हा सरांचा हुकमी धडा. खडू न उचलता ते फळ्यावर आफ्रिका काढत, मध्ये विषुववृत्ताची रेघ ओढत आणि वर्गाकडे वळून किंचित थांबत. टाळ्या कधी पडल्या नाहीत, पण थांबायची सवय सुटली नाही. जगात आपल्याला अचूक जमते ती ही एकच गोष्ट, हे सरांना मनातून ठाऊक होतं. आणि एकच गोष्ट जमणारा माणूस तिच्यावर नको तेवढं वजन टाकतो.

जूनमध्ये संस्थेचे अध्यक्ष गोपाळराव शाळेत आले. त्यांचं पवनीत साड्यांचं दुकान. घरात दोन पिढ्यांपूर्वी हातमाग होते, त्यामुळे कापडाचा पोत तपासायची सवय हाडात मुरलेली. नव्या माणसाशी हात मिळवताना दुसऱ्या हाताने ते त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून पाहत. शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर बसून ते म्हणाले, "आंबागडच्या आपल्या शाखेत एक माणूस कमी पडून राहिला. इथून एक द्यावा लागते. एक तर कापगते सर, नाहीतर तुलाराम सर. दोघांचेही विषय असे आहेत का..."

ते थांबले. विषय कसे आहेत ते सगळ्यांना कळलं. तुलाराम सर खेळ शिकवत, म्हणजे शिट्टी वाजवत.

"पंधरा ऑगस्टपर्यंत पाहतो," गोपाळराव म्हणाले. "जो काही करून दाखवेल, तो इथं राहील."

पवनी भंडारा जिल्ह्याच्या खालच्या टोकाला, आंबागड पार वरच्या. रोज जाऊन येणं शक्यच नव्हतं. सरांनी घरी गोष्ट काढली तेव्हा ललिताबाई दुकानात ब्लाऊजला हुक लावत बसल्या होत्या. फॉल-पिको आणि ब्लाऊजचं त्यांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं आणि बाजारात सरांची ओळख 'ललिताबाईचे मास्तर' अशीच होती.

"मी काही येत नाही," त्या दातात धागा धरून म्हणाल्या. "गिऱ्हाईकं का डोक्यावर घेऊन येऊ तिथं? तुमी जा. खिचडी तर येते ना तुमाले."

खिचडी सरांना येत नव्हती. कुकरच्या शिट्ट्या ऐकता येत होत्या. आंबागडच्या भाड्याच्या खोलीत आपण एकटेच शिट्ट्या ऐकत बसलो आहोत, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि त्याच चित्राच्या धाकाने त्यांना कल्पना सुचली. शाळेमागच्या पडीक जागेत जिवंत आफ्रिका उभी करायची. फळ्यावरची नाही, जमिनीवरची. प्रत्येक हवामान-प्रदेशात त्याची त्याची वनस्पती. मुलं विषुववृत्तावरून चालत जातील, सवानात शिरतील, सहारात घाम पुसतील. गोपाळराव पाहतील आणि म्हणतील, या माणसाला आंबागडला पाठवणं म्हणजे पाप.

तुलाराम सरांनी मैदान आखायची फक्की उदारपणे दिली आणि बाजूला उभे राहून पाहत राहिले.

"सर, हे काय होय? पपईची फोड?"

"आफ्रिका आहे."

"मोठी आहे नं बाप्पा," तुलाराम सर म्हणाले. "मले वाटे एवढीशी असन."

फक्कीची आफ्रिका दोन सरींत वाहून गेली. तेव्हा सरांनी ठरवलं की सीमा मातीच्या पाहिजेत, आणि फावडा मागवला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. सर मूळचे दिघोरीचे, धान पिकवणाऱ्या घरातले. त्या घरात लहान मूल उभं राहायला लागलं की त्याला धुऱ्यावर उभं करत. धुरा म्हणजे शेताचा बांध, आणि चारी बाजूंनी धुरे घातलेला धानाचा तुकडा म्हणजे बांधी. पदवी घेतली, बी.एड. झालं, चष्मा लागला, पण हाताला फावडा लागताच सरांचा हात बारावं-तेरावं वर्ष लागलेल्या पोराचा झाला. त्यांनी हवामान-प्रदेशांच्या सीमा काढल्या त्या वीतभर उंच, वर चापून बसवलेल्या, पाय ठेवला तर न खचणाऱ्या. प्रदेशांच्या आतली जमीन उंचसखल होती, ती त्यांना बघवेना, म्हणून सपाट केली. एका प्रदेशातून दुसऱ्यात पाणी जायला धुऱ्याला हातभर वाट ठेवली. ती कशासाठी ठेवली हे त्यांना त्या दिवशी कोणी विचारलं असतं, तर त्यांनी काहीतरी भौगोलिक उत्तर नक्की दिलं असतं.

आणखी एक बारीकशी अडचण होती. नकाशात उत्तर वर असते. शाळेमागच्या जागेत उत्तर खाली होती. जमिनीचा उतार नदीकडे, त्यामुळे काँगोचं पाणी सवानात आणि सवानाचं सहारात उतरणार हे कुणालाही दिसलं असतं. सरांना दिसलं नाही, कारण ते दिशा चुकू नयेत म्हणून हातात होकायंत्र धरून उभे होते.

मग लागवड. विषुववृत्तावर केळी आणि बांबू. सवानात गवत लावावं लागलं नाही, ते आपणहून आलं. बाओबाब वृक्ष पवनीत मिळेना, म्हणून एक जुना रांजण उलटा ठेवून त्याच्या बुडावर वाळक्या फांद्या खोचल्या. भूमध्य सागरी प्रदेशात ऑलिव्ह हवं होतं. ऑलिव्ह दिसायला जांभळासारखं, म्हणून जांभळाचं रोप. सहारात वाळू पसरली. शेजारी घर बांधणाऱ्याने चार घमेली दिली, तेवढ्यात सहारा जेमतेम ट्युनिशियापर्यंत झाला. प्रत्येक प्रदेशात पत्र्याची पाटी रोवली. सरांनी मोबाइलवर फोटो काढला आणि जुलैच्या मध्यावर ते भंडाऱ्याला प्रशिक्षणाला गेले. विषय होता 'कृतीतून अध्यापन'. तिथे त्यांनी तो फोटो सगळ्यांना दाखवला. मार्गदर्शकांनी सगळ्यांना उभं राहून सरांसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. सर किंचित थांबले. सवय होतीच.

प्रशिक्षणाचे सगळे दिवस पाऊस पडत होता.

सर परत आले ते थेट शाळेमागे गेले. आफ्रिका जागेवर होती. मोरोक्कोपासून केपटाऊनपर्यंत तिचा आकार कुठेच बिघडला नव्हता, कारण धुरे पक्के होते. फक्त सवाना आणि सहारा या दोन्ही प्रदेशांत घोटाभर पाणी होतं आणि त्या पाण्यात ओळीने, हारीने, एका मापाने धानाची रोवणी झाली होती. विषुववृत्ताच्या धुऱ्यावर वीत-वीत अंतराने ओल्या मातीच्या लहान लहान टेकड्या दिसत होत्या. बाओबाबवर एक बगळा बसला होता. 'उष्ण वाळवंटी प्रदेश: काटेरी व खुरट्या वनस्पती' ही पाटी पाण्यातून डोकं वर काढून उभी होती.

शेजारच्या पाटलाच्या शेतातून बायकांची टोळी रोवणी आटपून निघाली होती. पुढे मंदाबाई. तिचे ब्लाऊज ललिताबाईंकडे शिवायला असत.

"आले का जी मास्तर?" ती धुऱ्यावरूनच ओरडली. "कसं झालं?"

"हे तुम्ही केलं?"

"मंग? पाटलाचे पऱ्हे उरले होते. उरलेले पऱ्हे का फेकाचे? तुमची बांधी पाहिली तर रिकामी. पानी भरून, चिखल तयार, आन् रिकामी! रोवनीच्या दिवसात असं बरं दिसते का? आमी म्हनलं, मास्तर गेले भंडाऱ्याले, बिचारी बाई एकटी काय करन. टाकलं उरकून."

उरलेली रोपं वाया जाऊ द्यायची नाहीत, ज्याची बांधी उघडी असेल त्याला देऊन टाकायची, हा इकडचा रिवाज सरांना माहीत नव्हता असं नाही. लहानपणी त्यांनीच डोक्यावरून पेंढ्या नेऊन दिल्या होत्या.

"बाई, तो सहारा आहे," सर कसेबसे म्हणाले.

"कोनाचा?"

"कोणाचा नाही. वाळवंट आहे ते."

मंदाबाईने वाळवंटाकडे पाहिलं. वाळवंटात एक बेडूक डुबकन शिरला.

"हव का," ती म्हणाली. "मंग यंदा तुमच्या वाळवंटाले पानी साजरं हाये."

मागच्या बायका हसल्या. एकीने विचारलं, "धुऱ्यावर तुरीचे दाणे टोबले ते तरी चालन नं जी?"

"ते विषुववृत्त आहे."

"असू द्या. तुरीले काही फरक पडत नाही."

मजुरीचं विचारताच मंदाबाई रागावली. मास्तरच्या घरच्या कामाचे पैसे घ्यायला ती काय परकी होती? फक्त बाईला सांगा, पोपटी ब्लाऊजची बाही कचते, तेवढी सैल करा. एवढं बोलून टोळी निघून गेली. रागावण्यासाठी सरांपुढे आता कोणी उरलं नव्हतं.

तरी एक प्रश्न होताच. चिखल कोणी केला? पाणी साचून चिखल होत नाही, तो तुडवावा लागतो. उत्तर दुसऱ्या दिवशी तुलाराम सरांनी आपणहून दिलं.

"सर, तुमी गेले आन् आपण पोरायची कबड्डी तिथंच घेतली. मैदानावर पडले का गुडघे फुटते. तुमच्या आफ्रिकेत किती बी आपटा, लागतच नाही! मस्त जागा काढली तुमी."

घरी सरांनी आधी मंदाबाईला, मग तुलारामला आणि शेवटी हवामान खात्याला नावं ठेवली. ललिताबाईंनी मशीन थांबवलं.

"धुरे कोनं घातले?"

"मी."

"पाण्याले वाट कोनं ठेवली?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला.

"मंग आता तिथं धान नाही येणार तर का उंट येईन?"

हे बोलून त्यांनी मशीन सुरू केलं.

पुढच्या रविवारी सर एकटेच शाळेमागे गेले. धान उपटून टाकायचा, पाणी काढायचं, नवी वाळू आणायची असा निश्चय होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते अल्जीरियात उतरले. वाकून एक रोप धरलं आणि ओढलं. मुळाशी पांढरी, कोवळी फूट दिसली. रोपाने जीव धरला होता. सरांनी इकडे तिकडे पाहिलं. मग ते रोप जिथून काढलं तिथेच बोटाने पुन्हा रोवलं, आजूबाजूची माती दाबली, आणि ते जरा वाकडं गेलं म्हणून काढून परत नीट रोवलं. दिघोरीच्या माणसाला उभा धान उपटता येत नाही. भूगोलाच्या शिक्षकाला तो सहारात ठेवता येत नाही. या दोघांचं भांडण चिखलात थोडा वेळ चाललं आणि शिक्षक हरला. वर निघताना दिघोरीच्या माणसाने दिसलं ते गवत उपटलं. सवानातलं गवत होतं ते, नैसर्गिक वनस्पती.

मग राहिला एकच उपाय, जो शिकलेल्या माणसाजवळ नेहमी असतो. स्पष्टीकरण. इजिप्तमध्ये नाईल नदीच्या काठाने भात पिकतो, हे पुस्तकात होतं. सरांनी सहाराच्या पाटीशेजारी 'नाईलचे खोरे' अशी पाटी लावली. त्या वर्षी नाईल अटलांटिकपर्यंत रुंद झाली. सवानाचं काय करायचं ते सुचेना. शेवटी त्यांनी धड्याची पहिली ओळ काढून पाहिली. माणसाच्या मदतीशिवाय वाढते ती नैसर्गिक वनस्पती. सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. या धानाला सरांची तरी काही मदत झालेली नव्हती.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि गोपाळराव चार पाहुण्यांना घेऊन मागे आले. प्रत्येक प्रदेशात एक विद्यार्थी माहिती पाठ करून उभा होता. आठवीतली डिंपल सहारात होती, चपला हातात घेऊन.

"इथे वर्षभर पाऊस जवळजवळ पडत नाही," ती खड्या आवाजात म्हणाली. "जमीन कोरडी व रेताड असते. दूरदूरपर्यंत हिरवळ दिसत नाही."

तिच्या मागे धान गुडघ्याएवढा झाला होता. वाऱ्याने सगळा सहारा एकदम एका बाजूला झुकला आणि परत उभा राहिला. पाहुण्यांपैकी एक जण "वा" म्हणाला.

गोपाळराव पाटी वाचायला थांबले नाहीत. धुऱ्यावर उकिडवे बसून त्यांनी धानाचं पान चिमटीत धरलं आणि पोत पाहिला. मग बुडाशी हात घालून फुटवे चाचपले.

"जात कोणती?"

जात पाटलाला माहीत होती. "सुधारित आहे," सर म्हणाले.

"खत?"

"सेंद्रिय." चिखलात सगळा कबड्डी संघ लोळला होता, तेव्हा हेही अगदीच खोटं नव्हतं.

गोपाळराव उठले. त्यांच्या चेहऱ्यावर सरांनी आजवर कधी न पाहिलेला आदर होता. "कापगते सर, हे सारं तुमी केलं?"

खरं उत्तर सरांच्या जिभेवर होतं. मंदाबाई, पाटलाचे पऱ्हे, तुलारामची कबड्डी, वर देवाचा पाऊस. पण समोर चार पाहुणे होते, मुलं होती, आणि ते किंचित थांबले तेवढ्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा न सांगता, टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत आंबागडची खोली, खिचडी, कुकर सगळं दूर दूर गेलं. आपण पवनीतच राहणार हे सरांना स्वच्छ दिसलं.

"थोडीफार मेहनत घ्यावी लागली, साहेब," ते म्हणाले. आणि खोटं फार वाटू नये म्हणून पुढे जोडलं, "धुरे तर मी स्वतः घातले. फावडा आपल्याला लहानपणापासून येतो."

"आन् तुलाराम सर, तुमी काय केलं?"

"मी तर फक्त पोरं खेळवली, जी," तुलाराम सर म्हणाले. अख्ख्या मैदानात खरं बोललेला तो एकटाच माणूस.

गोपाळरावांनी मान हलवली. दुकानात थान उलगडून पाहिल्यावर, हे ठेवायचं की परत पाठवायचं हे ठरवताना हलवत, तशीच.

"मी उलटं ठरवून राहिलो होतो," ते पाहुण्यांना म्हणाले. "म्हटलं, ज्याचं काम दिसते त्याले इथं ठेवू. पण पाहा, असा माणूस इथं ठेवून काय करता? इथं सगळं आहेच. आंबागडच्या शाळेमागं केवढी जमीन रिकामी पडली आहे! तिथं असा मेहनती माणूस पायजे. तुलाराम सर इथं राहू द्या. ते कुठंही राहिले तरी शिट्टीच वाजवणार."

"साहेब," सर घाईघाईने म्हणाले, "खरं सांगतो, मी काहीच केलं नाही. मी तर इथं नव्हतोच. बायांनी लावलं. पोरांनी चिखल केला."

"हे पाहा!" गोपाळराव पाहुण्यांकडे वळले. "विनय पाहा माणसाचा. आत्ता कबूल केलं, आत्ता श्रेय दुसऱ्याले देऊन राहिला." आणि प्रेमाने त्यांनी सरांच्या शर्टाची बाही चिमटीत धरली.

ललिताबाईंनी ऐकलं आणि बराच वेळ हसल्या. मग एक छोटा कुकर आणला, त्यात तांदूळ-डाळीचं माप कसं घ्यायचं ते दोनदा शिकवलं, आणि दुसऱ्यांदा शिकवताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला. "दर शनवारी येजा," त्या म्हणाल्या. सरांना आफ्रिकेतला कोणताही ऋतू सांगता आला असता. ह्या आवाजाला काय म्हणायचं ते त्यांना सांगता आलं नाही.

आंबागडचे मुख्याध्यापक उत्साही गृहस्थ होते. गोपाळरावांचा फोन आधीच येऊन गेला होता. चहा झाल्याझाल्या त्यांनी सरांना शाळेमागे नेलं. गावामागच्या किल्ल्याच्या डोंगरावरून उतरत आलेलं जंगल थेट कुंपणाला येऊन टेकलं होतं आणि थोडं आतही शिरलं होतं. सागाची पोरसवदा झाडं, तेंदूची झुडपं, पळस, एक मोठा मोह, मध्ये मध्ये वारुळं, खाली कुजत पडलेला गेल्या उन्हाळ्यातला पाला.

"इथं काय आहे?" सरांनी विचारलं.

"काही नाही जी," मुख्याध्यापक म्हणाले. "झाडंच आहेत नुसती. तुमी म्हणाल तेव्हा साफ करून देतो."

सर उभे राहिले. उष्ण कटिबंधीय पानझडी वने. पान इतकं इतकं रुंद, कोरड्या ऋतूत पानगळ, बाष्प वाचवण्यासाठी. ही वाक्यं त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हटली होती, की ती खरी असू शकतील असं कधी वाटलंच नव्हतं. त्यांनी मोहाच्या खोडाला हात लावून पाहिला. मग, कोणी पाहत नाही ना हे बघून, बोटांनी पोतही पाहिला.

"साफ करू नका," ते म्हणाले. "फक्त एक पाटी रंगवून द्या."

दुसऱ्या दिवशी आठवीचा वर्ग मोहाखाली बसला आणि सरांनी 'नैसर्गिक वनस्पती' हा धडा एकही रोप न लावता, धुरा न घालता शिकवला. त्यांना तो बरा जमला असं वाटलं. मुलांचं लक्ष मुंग्यांकडे होतं. तास संपल्यावर सरांनी झाडं, पाटी आणि मुलं असा फोटो काढून गोपाळरावांना पाठवला आणि खाली लिहिलं, 'प्रकल्प पूर्ण.'

थोड्या वेळाने उत्तर आलं: 'छान. रोवणी केव्हा?'

सरांनी लांबलचक मजकूर लिहायला घेतला. पानझडी वनांचं महत्त्व, जमिनीचा पोत, इथे धान का लावू नये याची कारणं, शेवटी आपली ठाम भूमिका. तो पुन्हा वाचला. ठाम भूमिका आधी पुसली, मग कारणं, मग पोत. शेवटी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि लिहिलं, 'पुढल्या पावसाळ्यात, साहेब.'